टॅमलिनचं कुलूप, रीसँडचं कुलूप

मागच्या अंकात मी या पानावर सहज दोन ओळी टाकल्या होत्या, की 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' ही सिरीज वाचून संपवली, आवडलीपण आणि डोकंपण फिरलं. बस, एवढंच. त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप आले की संपादकांनी फोन करून विचारलं, ताई नक्की लिहिलंय काय तुम्ही. आमच्या दिवाळी अंकाला एवढी पत्रं येत नाहीत भो! म्हणून या वेळी बाकीची पुस्तकं बाजूला, सगळं पान याच भांडणाला.

ज्यांना हे प्रकरणच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सारा जे. मास नावाची अमेरिकन लेखिका आहे, तिचं या सिरीजमधलं पहिलं पुस्तक २०१५ ला आलं, मग २०१६, २०१७, २०१८ ला एकेक आणि पाचवं २०२१ ला. फेरा नावाची एकोणीस वर्षांची गरीब पोरगी, घरच्यांचं पोट भरायला शिकार करते, एक दिवस एक मोठा लांडगा मारते आणि तो निघतो फे लोकांपैकी, म्हणजे तिकडचे परीलोकातले लोक, आपल्या चांदणीची काठी घेतलेल्या परीसारखे नाही, टोकदार कानांचे, उंच, पाचपाचशे वर्षं जगणारे. त्या जिवाच्या बदल्यात तिला घेऊन जायला येतो टॅमलिन, वसंत दरबाराचा राजा. पहिल्या पुस्तकात हाच हिरो. दुसऱ्या पुस्तकात लेखिका त्याला सरळ खाली उतरवते, आणि पहिल्यात जो दुष्ट वाटत होता तो रात्रीच्या दरबाराचा रीसँड, त्याला वर बसवते. भांडणाचं मूळ हे. खाली सगळं फोडून सांगितलंय, ज्यांना अजून वाचायचंय त्यांनी इथूनच पान उलटा, नंतर मला बोल लावायचा नाही.

ताई, आम्ही देवपुरात पाच मैत्रिणी रूम करून राहतो. तिघी रीसँडच्या, दोघी टॅमलिनच्या. परवा इतकं वाजलं की एकीने मेसचा डबाच वेगळा लावून घेतला. टॅमलिनवाल्यांचं म्हणणं, रीसँडने पहिल्या पुस्तकात तिला कसलीतरी दारू पाजून रोज रात्री नाचवलं, तिचा मोडलेला हात पिरगाळला, तरी त्याला सगळं माफ, आणि टॅमलिनने काळजीपोटी घरात ठेवलं तर तो राक्षस? तुम्हीच सांगा कोण बरोबर.
– मधे अडकलेली, धुळे

अगं, आधी माझं पाप कबूल करते. मी पहिल्या वाचनात टॅमलिनची होते. पहिलं पुस्तक मिटलं तेव्हा मला रीसँडचं नाव ऐकलं तरी तिडीक यायची. आणि दुसऱ्या पुस्तकाच्या मध्यावर आले तोवर मी त्याच रीसँडसाठी देव पाण्यात ठेवले होते, आणि हे कधी झालं ते माझं मलाच कळलं नाही. लेखिकेची खरी करामत तिथेच आहे. लोक म्हणतात तिने हिरो बदलला, मी म्हणते तिने वाचणारीला बदललं.

आता टॅमलिनचं बघ. टॅमलिनला धरून नेलेल्या डोंगराखालच्या दुष्ट राणीपुढे, अमरँथापुढे, फेरा त्याच्यासाठी जीव पणाला लावते, तीन परीक्षा देते, आणि हा बाजूच्या आसनावर दगडासारखा बसलेला. त्याला तिच्याशी एकांताचे दोन मिनिटं मिळतात तेव्हा तो पळून जायचा रस्ता सांगत नाही, मिठी मारतो. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा 'किती प्रेम गं' असं वाटलेलं, दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक भिंतीवर फेकावंसं वाटलं. पुढे लग्नाची तयारी सुरू होते, पोरगी रोज रात्री उठून उलट्या करतेय, अंगावरची हाडं दिसायला लागलीत, आणि हा बाजूला झोपेचं सोंग घेऊन पडलेला. ती म्हणते मला बाहेर पडू दे, मला काहीतरी करू दे, तर याचा राग असा फुटतो की अख्ख्या खोलीच्या चिंधड्या. आणि शेवटी तो घराभोवती जादूचं कडं घालून निघून जातो, ती आत. त्याचं म्हणणं एकच, तुझ्याच भल्यासाठी.

रीसँडवाल्यांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. हात पिरगाळला तो पिरगाळलाच. पाजलं ते पाजलंच. दुसऱ्या पुस्तकाच्या चोपन्नाव्या प्रकरणात तो सगळ्याचा खुलासा करतो, की राणीला संशय येऊ नये म्हणून, की तुला ते भयंकर सगळं आठवू नये म्हणून, आणि ते प्रकरण इतकं सुंदर उतरलंय की डोळ्यातून पाणी काढतं, मी काही लाकडाची नाही. पण नंतर दिलेला खुलासा चांगला वठला म्हणून आधी केलेलं पुसलं जात नाही, एवढं लक्षात असू दे.

आणि तुमच्यापैकी कोणीच पाचव्या पुस्तकाचं नाव काढलं नाही, मला तर तिथेच खरी गंमत दिसते. फेराची मोठी बहीण नेस्टा. युद्धानंतर ती पिते, उधळते, कोणाला जवळ येऊ देत नाही. मग फेरा आणि रीसँड मिळून ठरवतात की हिला डोंगरावरच्या घरात ठेवायचं, खाली उतरायला दहा हजार पायऱ्या, पंख तिला नाहीत, म्हणजे झालंच की कुलूप! आपण चैत्रात सप्तशृंगीला जातो तर तिथल्या थोड्याशा पायऱ्यांतच आमचे गुडघे बोलायला लागतात, इथे दहा हजार. आणि कारण काय दिलं? तुझ्याच भल्यासाठी. शब्दशः तेच. टॅमलिनचं कुलूप वाईट होतं तर रीसँडचं कुलूप एकदम गोड कसं झालं, सांग बरं तुझ्या त्या तिघींना.

वर त्याच पुस्तकात फेराला दिवस गेलेले असतात, पोटातल्या बाळाला पंख, बाळंतपणात ती वाचणार नाही अशी भीती, आणि ही गोष्ट रीसँडला माहीत, वैद्यबाईला माहीत, झाडून सगळ्या मित्रमंडळाला माहीत, फक्त जिच्या पोटात बाळ आहे तिला माहीत नाही. शेवटी नेस्टाच रागाच्या भरात तिच्या तोंडावर सांगून टाकते. रीसँडच्या फॅन असलेल्या कितीतरी जणी इथे त्याच्यावरून उतरल्या आणि मला ते पटतं, कारण फेरा टॅमलिनला सोडून आली ती नेमकी याच कारणासाठी ना, की तिच्या आयुष्यातलं तिला विचारून ठरत नव्हतं.

एक बारीक गोष्ट सांगते, भांडताना कामाला येईल. पहिली तीन पुस्तकं जवळजवळ सगळी फेराच्या तोंडून येतात, 'मी' म्हणून. म्हणजे रीसँड आपल्याला दिसतो तो त्याच्या प्रेमात पडलेल्या बाईच्या डोळ्यांनी. पाचवं पुस्तक तसं नाही, ते नेस्टा आणि कॅसियन, म्हणजे रीसँडचा जिवलग मित्र, यांच्या बाजूने सांगितलंय, आणि नेस्टाला रीसँड फुटक्या डोळ्याने बघवत नाही. सासू तीच असते, लेक सांगते तेव्हा वेगळी आणि सून सांगते तेव्हा वेगळी. रीसँड बिघडला असं मला वाटत नाही, सांगणारी बदलली.

आणि टॅमलिनवाल्यांसाठी एक. तिसऱ्या पुस्तकात रीसँड मरून पडलेला असताना त्याला उठवायला प्रत्येक राजा आपल्या शक्तीचा कण देतो, त्यात टॅमलिनही देतो, आणि फेराला सुखी राहा म्हणून निघून जातो. त्याआधी फेराने त्याचा अख्खा दरबार आतून पोखरून टाकलेला असतो, त्यात बिचाऱ्या साध्या रयतेचं काय झालं याचा हिशेब ती फार मांडत नाही. तर पोरींनो, पहिल्या दोन पुस्तकांचा निकाल टॅमलिनच्या विरोधात, पाचव्याचा रीसँडच्या विरोधात, आणि डबा परत एकत्र लावा, दोन डब्यांत उगाच पैसे जातात.

नाव फेयरे म्हणायचं का फायर? आणि तो रायसँड आहे ना? चौथं पुस्तक वगळलं तर चालेल का? – घाईत, पाचोरा

फेरा. लग्नातला फेरा तसाच. तो रीसँड, पण माझी भाची रायसँड म्हणते आणि तिला सांगून काही उपयोग नाही. चौथं बारीक आहे, सणासुदीची खरेदी आणि भेटवस्तू यातच अर्धं जातं, वगळा खुशाल, फक्त त्यात टॅमलिनच्या ओसाड पडलेल्या घरात रीसँड जातो तेवढं चाळून घ्या. आणि नकाशा बघायला विसरू नका, त्यांचा तो प्रिथियन देश म्हणजे सरळसरळ ब्रिटनचा आकार आहे, शेजारचं शत्रूचं बेट हायबर्न म्हणजे आयर्लंड, आयर्लंडचं जुनं लॅटिन नाव हायबर्निया. आयरिश वाचकांना यावर काय वाटत असेल ते मी इकडे बसून बोलत नाही.

मॅडम, माझी मुलगी नववीत आहे. वर्गातल्या मैत्रिणीकडून हे पुस्तक आणलं, मला वाटलं परीकथा, कव्हरपण साधंच आहे. सहज मधलं पान उघडलं आणि माझे कानच गरम झाले. काढून घेतलं तर दोन दिवस बोलत नाहीये. मी चुकले का? – एक आई, भुसावळ

कान माझेपण झालेले, मी तर पन्नाशीची आहे. तुम्ही चुकला नाहीत आणि फसलात तरी तो दोष तुमचा नाही, कारण हे पुस्तक आलं तेव्हा ते टीनएजर मुलामुलींच्या कपाटात ठेवूनच विकलं गेलं. २०२० ला नवीन कव्हर घालून मोठ्यांचं म्हणून परत काढलं, आणि ते नवीन कव्हर असं सोज्वळ आहे की देवघरात ठेवलं तरी कोणी काही म्हणणार नाही. पहिलं पुस्तक त्यातल्या त्यात मवाळ, दुसऱ्यापासून सगळं उघड, पाचवं तर विचारूच नका. चौदा वर्षांच्या पोरीला मी दुसरं आणि पुढचं देणार नाही. यात लाजण्यासारखं काही नाही आणि त्यावर कीर्तन करण्यासारखंही नाही.

अमेरिकेत यावरून केवढं रान पेटलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये युटा राज्याने सगळ्या सरकारी शाळांतून तेरा पुस्तकं काढायची यादी केली, त्यात सहा पुस्तकं या एकट्या बाईची. आता बघा, शाळेने काढलं की पोरं आणखी शोधून वाचतात, तो अनुभव मलाही आहे. मी आठवीत असताना एक कादंबरी ज्वारीच्या कोठीत लपवली होती, पार हात कोपरापर्यंत आत घालून. आईने दळणाला ज्वारी काढली तर पायलीत आधी पुस्तक आलं. ती रागावली नाही, तिने ते झटकलं, चुलीजवळ बसून आधी स्वतः सगळं वाचलं, आठवडाभराने परत दिलं आणि म्हणाली, शेवट काही बराबर नाही केला बाईने. तेव्हापासून मी तिच्यापासून एकही पुस्तक लपवलं नाही.

तुम्ही वाचा. इंग्रजीचा कंटाळा येत असेल तर मुलीलाच विचारा गोष्ट काय आहे, ती सांगेल, न सांगायचं तेवढं बरोबर गाळून सांगेल, आणि ती काय गाळते त्यावरून तुम्हाला कळेलच ती कुठपर्यंत पोचली ते.

हिरोइनला लिहिता-वाचता येत नाही हे मला अजिबात पटलं नाही. एवढी हुशार, चित्रं काढणारी मुलगी आणि निरक्षर? उगाच बिचारी दाखवायला केलंय. – चिडका वाचक, जामनेर

भाऊ, तुम्ही हे जामनेरहून लिहिताय? आपल्या जळगावला लागून आसोदा आहे, तिथल्या बहिणाबाई चौधरींना अक्षर ओळखता येत नव्हतं, आणि जात्यावर बसल्या बसल्या त्यांनी जे म्हटलं ते त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, कागदावर धरलं म्हणून आपल्याला मिळालं. त्या गेल्या १९५१ ला, पुस्तक आलं १९५२ ला. हुशारी आणि अक्षर या दोन गोष्टी वेगळ्या, हे जगात कोणाला नाही पटलं तरी आपल्या जिल्ह्यात पटायला पाहिजे.

आणि मला तर उलट वाटतं की सगळ्या सिरीजमधला सगळ्यात चांगला धागा हाच. टॅमलिनच्या घरात ती चोरून घरी पत्र लिहायचा प्रयत्न करते, अडलेल्या शब्दांची यादी करते, ती यादी त्याला सापडते आणि तो त्या शब्दांच्या चावट चारोळ्या करून तिला हसवतो. गोड वाटतं वाचताना. पण शिकत ती नाहीच. मग डोंगराखाली दुसरी परीक्षा येते, समोर भिंतीवर कोडं लिहिलेलं, तीन खिट्या, बरोबर खिटी ओढायची, वरून तापलेल्या सळयांचं छत खाली येतंय, बाजूला टॅमलिनचा मित्र ल्युसियन साखळीला बांधलेला, आणि हिला ते वाचताच येत नाही. शक्तीने, हिमतीने काही कमी नाही, फक्त अक्षरं येत नाहीत म्हणून मरायची वेळ आलेली. मला ते वाचताना आमच्या शेजारच्या आजी आठवल्या, बँकेत स्लिप हातात धरून प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत उभ्या राहायच्या, कोण भरून देईल म्हणून. दुसऱ्या पुस्तकात रीसँड तिला वाचायला शिकवतो आणि गिरवायला वाक्यं देतो ती सगळी स्वतःच्या कौतुकाची! आगाऊ मेला. पण शिकवलं त्याने. माझं मत टॅमलिनकडून हललं ते इथे, त्या चोपन्नाव्या प्रकरणाच्या कितीतरी आधी.

साने गुरुजी ज्या अमळनेरात शिकवत होते त्या खान्देशातल्या मुली आज असल्या परदेशी पऱ्यांच्या प्रेमकथांत वेळ घालवतात आणि आपण त्यांना उत्तेजन देता, हे पाहून वाईट वाटले. – निवृत्त शिक्षक, चोपडा

सर, नमस्कार. तुमचं अक्षर फार सुंदर आहे, अशी पत्रं आता येत नाहीत, म्हणून आधी त्याबद्दल आभार.

आता भांडते. परदेशी गोष्टीचं म्हणाल तर गुरुजींनीच 'मनूबाबा' लिहिलं, ते जॉर्ज एलियटच्या इंग्रजी कादंबरीवरून. त्यांना परकी गोष्ट आपल्या पोरांना सांगताना कमीपणा वाटला नाही. आणि पऱ्यांच्या प्रेमकथेचं म्हणाल तर धरणगावला चला. तिथे १८९० ला जन्मलेल्या त्र्यंबक ठोंबऱ्यांना १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात 'बालकवी' म्हणायला लागले, आणि त्यांची 'फुलराणी' काय आहे हो? एक फूल, त्याचं सूर्याच्या किरणावर जडलेलं मन, आणि मग आकाशातून वऱ्हाड घेऊन येणारा नवरदेव. आपण ती शाळेत शिकवली, मुलांना पाठ करायला लावली, तुम्हीही लावली असेल. आता त्यातल्या नवरदेवाला पंख फुटले आणि पानं सहाशे झाली, एवढाच काय तो फरक.

मराठी कादंबरीच्या सुरुवातीच्या काळात असल्या अद्भुत प्रेमकथांचीच चलती होती, हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ ची, राजपुत्र, ताटातुटी, संकटं, योगायोग, सगळा मसाला. आणि भाद्रपदात आपल्या गल्लीत पोरी गुलाबाई बसवतात तेव्हा गातात काय? गुलाबाई रुसली, माहेरी चालली, गुलोजी आणायला आला. रुसवा, फुगवा, नवरा, सासर. मी सातवीपर्यंत दर वर्षी घसा बसेपर्यंत ते गायलेय आणि मला कोणी बिघडलेली म्हटलं नाही.

तुमचा एक मुद्दा मात्र मी घेते, तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय की मुलगी एकोणीसची आणि नवरदेव पाचशे वर्षांचा, हे कसले प्रेम. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही सर. फॅन लोक म्हणतात तो दिसतो पंचविशीचा. दिसण्याचं काय घेऊन बसलात, पाचशे वर्षांचा अनुभव आहे ना गाठीला!

ताई, यात ते 'मेट' म्हणून आहे, म्हणजे नशिबानेच जोडी बांधलेली, एकदा गाठ जाणवली की झालं. मला सांगा मग प्रेम कुठे आलं त्यात? आपल्याकडे गुरुजी छत्तीस गुण जुळवतात तेच हे, फक्त पंखवालं. – पत्रिकेला वैतागलेली, नंदुरबार

हसले मी. किती स्थळं झाली गं?

बरोबर आहे तुझं, बऱ्याच जणींना हे 'मेट' प्रकरण खटकतं कारण एकदा ते आलं की पोरीचा होकार नावापुरता उरतो. पण लेखिका यात जरा हुशार निघाली, तिने नकाराची सोय ठेवलीय, आणि रीसँडच्याच तोंडून सांगितलंय की माझे आईबाप एकमेकांचे मेट होते तरी त्यांचं पटलं नाही. म्हणजे छत्तीसच्या छत्तीस गुण जुळून संसार फिसकटल्यातलं ते, असं प्रत्येकाच्या भावकीत एक तरी असतंच. दुसरं, मधली बहीण इलेन. तिचं एका माणसाशी ठरलेलं, हातात अंगठी, आणि ध्यानीमनी नसताना ल्युसियन म्हणतो ही माझी मेट आहे. पोरगी त्याच्याकडे वळून बघत नाही. पाचवं पुस्तक संपत आलं तरी बघत नाही. तो भेटवस्तू आणतो, ती आभार मानते, विषय संपला. सगळ्यात कमी बोलणारी आहे ती आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिच्याकडेच दिसतं, पुढची पत्रिका आली की तिला आठव.

हे पत्र छापलं तरी गावाचं नाव नका टाकू. आमच्याकडे केळी आहे, शेताची लाईट रात्रीची असते तर हे पाणी भरायला जातात, ते येईपर्यंत मी मोबाईलवर वाचते. लग्नाआधी मी फैजपूरला शाळेत शिकवायचे. लग्नानंतर सोडायला लावलं, मारझोड काही नाही, माणूस वाईट नाही, बस उशिरा येते, रस्ता खराब, तुझी काळजी वाटते, असं. टॅमलिनने घराला कडं घातलं ते वाचलं आणि मोबाईल बंद करून मी ओट्यावर जाऊन बसले, मोटार बंद होऊन हे येईपर्यंत बसले होते. ताई हे फक्त गोष्टीतलंच आहे ना? – यावल तालुका

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. तुझा नवरा टॅमलिन आहे असं मी या पानावर बसून म्हणणार नाही, मी त्याला ओळखत नाही, आणि तूच लिहितेस माणूस वाईट नाही, मी तुझ्यावर विश्वास ठेवते. पण तू ओट्यावर जाऊन बसलीस तेही खरं आहे.

त्या पुस्तकात लग्नाच्या दिवशी फेरा मंडपात चालत येते, टॅमलिन समोर हात पुढे करून उभा, आणि ती आतल्या आत ओरडतेय की कोणीतरी मला वाचवा, तोंडातून शब्द नाही. तिथे रीसँड येतो, कारण ती गोष्ट आहे. यावल तालुक्यात कोणी पंख घेऊन येत नाही गं, म्हणून तुला तोंडाने बोलावं लागेल, आणि रडून किंवा रागात नको, हिशेबाने बोल. काळजी बसची असेल तर स्कूटीचं बोल. रस्त्याची असेल तर गावातल्याच, नाहीतर पायी जाण्यासारख्या शाळेचं बोल. जूनला शाळा सुरू होतात, त्याच्या आधी अर्ज करावे लागतात, म्हणजे आत्ताच बोल. एकेक कारण असं उत्तर देऊन बाजूला केलंस की शेवटी काय उरतं ते तुला दिसेल. काळजीच होती तर ती स्कूटीने जाईल, आणि नसेल जात तर तेही तुला कळलेलं बरं. आणि कधी हात उचलला, मोबाईल काढून घेतला, माहेरी जाऊ देत नाही इथपर्यंत आलं, तर १८१ वर फोन कर, बायकांसाठीचाच नंबर आहे तो. आणि काहीही झालं तरी मला परत लिही, छापायला नाही, नुसतं लिही.

मावशी, आखाजीला तू माझा दुसरा भाग 'दोन दिवसात देते' म्हणून नेला. आता भरीताचा सीझन आला. माझं पुस्तक कुठंय? आणि तू सगळ्यांना उत्तरं देत बसतेस, मला फोनवर 'हो हो' करतेस म्हणून इथेच लिहितेय. – तुझीच भाची

आते काय सांगू माय. पुस्तक आहे, सुखरूप आहे, जवळजवळ. मागच्या रविवारी मळ्यात भरीत पार्टी होती, पऱ्हाट्यांवर वांगी भाजायला टाकली आणि माझ्याकडे राखण, म्हटलं तेवढ्यात चोपन्नावं प्रकरण एकदा परत वाचून होईल. इकडे त्याचा खुलासा रंगात आला, तिकडे चार वांगी कोळसा झाली, तुझ्या मामीने हाक मारली तशी दचकले आणि मिरची-लसणाच्या तेलाची वाटी पुस्तकावर कलंडली. डाग बरोबर तो तिला 'मेट' म्हणतो त्या पानावर आहे, खालची दोन पानं पारदर्शक झालीत, पण अक्षरं दिसतात, उलट आता दोन्ही बाजूंची दिसतात. रविवारी येते घेऊन, सोबत कळण्याच्या भाकरी आणते. आणि आईला सांगू नको वांगी कोणी जाळली ते, तिथे सगळ्यांना मी सांगितलंय की वारा होता.